सीटखालचे पाणी : पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरबरोबर १९ महिने

मागील वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सलग आठ दिवसांच्या पावसानंतर, मी जर्मनीतील स्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेनमधील आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या माझ्या पोर्शे बॉक्स्टरपाशी गेले, रिमोटचे बटण दाबले आणि काहीच घडले नाही. किल्ली घालून दार उघडले तर आतला दिवा मिणमिणत होता. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण स्टार्टर ढिम्म हलला नाही. रस्त्यावर मदतीला येणाऱ्या क्लबचा मेकॅनिक तासाभराने आला. त्याने बॅटरीकडे पाहिलेही नाही. चालकाच्या सीटखाली हात घालून त्याने कार्पेट दाबले, ओला पंजा माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने गाडीवर वाकलेल्या लिंडनच्या झाडाकडे बोट दाखवले. "पाने," एवढा एकच शब्द तो बोलला.

ही दोन सीटची, उघडणाऱ्या कापडी छताची गाडी ९८६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या पिढीतली, एप्रिल १९९८ मध्ये पहिली नोंदणी झालेली, पाच गिअरची. अडीच लिटरचे सहा सिलिंडरचे बॉक्सर इंजिन, २०४ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ताशी २४० किलोमीटर हे आकडे वाचकांपैकी बहुतेकांना पाठ असतील, म्हणून त्यांत वेळ घालवत नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, १,४२,००० किलोमीटर झालेली असताना, मी ती ११,८०० युरोंना घेतली. घेण्यापूर्वी ज्याला म्हणून विचारले तो इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगवरच बोलत राहिला, कारण ते तुटले तर इंजिनच निकामी होते. १९९८ च्या गाडीत हे बेअरिंग दुहेरी ओळीचे असते आणि नंतरच्या एकेरी ओळीच्या बेअरिंगपेक्षा ते टिकाऊ मानले जाते, हे वाचूनही माझी भीती गेली नाही. पहिल्याच ऑइल बदलाच्या वेळी मी फिल्टरची एकेक घडी उलगडून भिंगातून धातूचे कण शोधत बसले होते. कण सापडले नाहीत. छतावरच्या पाण्याच्या निचऱ्याविषयी मात्र त्या सर्व जाणकारांपैकी एकानेही चकार शब्द काढला नव्हता.

पहिल्या उन्हाळ्यात माझे सगळे लक्ष मागच्या खिडकीवर होते. २००३ च्या मॉडेलपासून या गाडीला मागे खरी काच आली. त्याआधीच्या गाड्यांना पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आहे, आणि छत उघडताना ती घडी होऊन आत जाते. ही घडी कुठे पडावी, हे त्या प्लास्टिकला आपोआप कळत नाही. पुढची मूठ ओढून छताची पकड सोडवायची, हँडब्रेक ओढलेला ठेवायचा (त्याशिवाय छताची मोटर चालतच नाही), बटण दाबून धरायचे आणि छत निम्म्यावर आले की बटण सोडून थांबायचे. मग मागे वळून, तळहाताच्या कडेने, खिडकीच्या मधोमध आडवा हलका दाब द्यायचा, म्हणजे प्लास्टिक चुरगळून न मिटता एकाच गोलसर वळणात आत वळते. जर्मन मालक याला हांडकांटेनश्लाग म्हणजे हाताच्या कडेचा फटका म्हणतात. प्रत्यक्षात तो फटका नसतो, पुरणपोळी उलथताना हात जितका हलका ठेवावा लागतो तितकाच इथेही ठेवावा लागतो. हवा थंड असेल तर प्लास्टिक कडक होते आणि तडकते, म्हणून सकाळच्या गारठ्यात छत उघडण्याचा मोह आवरावा लागतो. १२ सेकंदांत उघडणारे छत म्हणून या गाडीचे कौतुक होते. माझ्या हातून त्याला कधीही ४० सेकंदांहून कमी वेळ लागलेला नाही.

या खिडकीपायी मी किती वेळ घालवला, हे आता सांगायलाही संकोच वाटतो. प्लास्टिकसाठीची खास पॉलिश, मऊ सुती फडकी, घडीत ठेवण्यासाठी गुंडाळलेला पंचा, सारे काही डिकीत असे. मूळ सांगाड्यावर बसणारे, काचेची खिडकी असलेले बाहेरच्या कारागिरांचे छतही मिळते. त्याचा भाव काढला, मजुरी विचारली आणि गाडीच्या किमतीशी तुलना करून तो कागद फाडून टाकला. खिडकी जपायची म्हणून मी छत कमी वेळा उघडू लागले. छत बंदच राहिल्यामुळे त्याच्या मागच्या झाकणाखाली काय साचत होते, ते दिसण्याचा प्रश्नच उरला नाही.

त्या सप्टेंबरात आमच्या इमारतीच्या तळघरातील पार्किंगची फरशी दुरुस्त होत होती, म्हणून गाडी तीन आठवडे रस्त्यावर, लिंडनखाली होती. लिंडनचे फळ वाटाण्याएवढे असते आणि त्याच्या देठाला एक लांबट, फिकट पिवळे, पंखासारखे पान चिकटलेले असते. वाऱ्याबरोबर गिरक्या घेत ते खाली येते आणि नेमके फटींत शिरते. कापडी छतावर पडलेले पाणी मागच्या झाकणाच्या दोन्ही टोकांशी उतरते, तिथल्या दोन छिद्रांतून नळीत जाते आणि मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. छिद्र बुजले की पाणी आतल्या बाजूने वाट काढते आणि गाडीच्या सर्वांत खोल जागी, सीटखाली, कार्पेटच्या जाड फोममध्ये साठते. डाव्या सीटखालच्या त्याच खळग्यात मध्यवर्ती लॉकिंग, अलार्म आणि इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) सांभाळणारी पेटी बसवलेली आहे. ती भिजली की गाडी आपल्या किल्लीलाच ओळखेनाशी होते.

यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातल्या अत्यंत चिडचिडीच्या महिन्यांपैकी एक होता. ज्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली त्यांनी पेटी नवी घालावी लागेल, किल्ल्या नव्याने जुळवाव्या लागतील, असे सांगून १,४८० युरोंचा अंदाज दिला. पाणी आत कसे आले, हा प्रश्न मी तीन वेळा विचारला. पहिल्यांदा उत्तर मिळाले, दाराचे रबर जुने झाले असेल. दुसऱ्यांदा, छताचे कापड झिरपत असेल. तिसऱ्यांदा समोरच्या गृहस्थांनी, जुन्या गाडीत पाणी येणारच, असे म्हणून खांदे उडवले. कार्पेट वाळवण्याचे त्यांच्या अंदाजपत्रकात नावही नव्हते. म्हणजे नवी पेटी पुन्हा त्याच ओल्या फोमवर ठेवली जाणार होती. मी तपासणीचे ९० युरो भरले, पावती घेतली आणि गाडी पुन्हा ओढून घरी आणली.

पेटी मी स्वतःच काढली. सीटचे चार बोल्ट सोडवून, कार्पेट उचलून, हाताला आलेली ती काळी पेटी उघडली तेव्हा सर्किटच्या एका कोपऱ्यात पिनांवर हिरवट पापुद्रा धरला होता, तांब्याच्या न घासलेल्या भांड्याला कळकते तसा. किल्ल्यांचे संकेत ज्या छोट्या चिपमध्ये असतात ती शाबूत असेल, तर तिच्यातली माहिती त्याच प्रकारच्या जुन्या, कोरड्या पेटीत उतरवता येते आणि गाडीला फरक कळत नाही. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी हे काम, जुन्या पेटीच्या किमतीसह, २२० युरोंत करून दिले. फोममधले पाणी मी जुन्या टॉवेलांनी टिपले, मग दमट हवा शोषणारे यंत्र भाड्याने आणून दारे लावून आत चालू ठेवले. पहिल्या रात्रीत त्याच्या टाकीत दीड लिटर पाणी जमले.

इथपर्यंतचा मजकूर मी गेल्या वर्षी नोव्हेंबरातच लिहून ठेवला होता आणि त्याचा शेवट "गाडी मार्चमध्ये विकणार आहे, कोणाला हवी असल्यास कळवावे" असा होता. ते वाक्य आता काढून टाकले आहे. कारण सांगते.

त्याच सुमारास बाबांशी फोनवर बोलताना मी ही सगळी कहाणी ऐकवली. बाबांनी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे काढली आहेत आणि आमचे जुने घर देवरुखजवळ आहे. पेटी, चिप, संकेत हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, पण त्या गाडीची पन्हळ कोण साफ करतं?" मी म्हटले, बाबा, गाडीला कसली पन्हळ? ते म्हणाले, "पाणी वरून येतं आणि खाली जातं ना? मग पन्हळ आहेच. मृग लागायच्या आत आपण कौलं परततो, पन्हळीतला पाचोळा काढतो, तेव्हा कुणी विचारतं का, की घर चांगलं आहे की वाईट?" चिडण्यासारखेच बोलणे होते ते. पण तोवर मी त्या छिद्रांत स्वतः एकदाही डोकावले नव्हते, हे मला कबूल करावे लागले. झाडाखाली गाडी मीच लावली होती.

पुढच्याच रविवारी छत निम्म्यावर थांबवून, मागचे झाकण उभे राहिल्यावर, टॉर्च घेऊन पाहिले. दोन्ही बाजूंना, छताच्या लोखंडी सांध्यांच्या खाली, हात जेमतेम पोहोचेल अशा कोपऱ्यात एकेक छिद्र आहे. डावीकडचे दिसतच नव्हते. त्याच्या जागी काळ्या चिखलाचा गोळा होता. तो चमच्याने उकरला तेव्हा त्यात लिंडनची सात फळे, पाइनच्या सुया आणि कधीकाळच्या एका मालकाच्या चॉकलेटचा चांदीचा कागद निघाला. खालची नळी साफ करण्यासाठी दाबाची हवा वापरू नये, कारण तिने नळीचा सांधा आतल्या आत सुटू शकतो. मी गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी वापरली, टोक किंचित तापवून गोल केले आणि ती हळूहळू फिरवत खाली सोडली. अर्ध्यावर काहीतरी अडले, मग सुटले, आणि गाडीखालून आधी चहाच्या चोथ्यासारखा गाळ व नंतर घळघळ पाणी आले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रत्येक छिद्रात एक पेला पाणी ओतते आणि ते मागच्या चाकापुढे पडेपर्यंतचे सेकंद मोजते. पावसाळी टायर, साखळी, ब्रेक पॅड यांचा हिशेब ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. निचऱ्याच्या सेकंदांची वही ठेवणारी बहुधा मी एकटीच असेन.

छत उघडण्याला आता कारण मिळाल्याने गाडीही जास्त चालू लागली, आणि तिथे माझे मत खऱ्या अर्थाने बदलले. जूनमध्ये आई-बाबा आले. दोनच जागा असल्याने दोघांना आळीपाळीने न्यावे लागले. आईने डोक्याला ओढणी घट्ट बांधून एस्लिंगेनच्या द्राक्षमळ्यांपर्यंतची एक फेरी सहन केली आणि दुसरी नाकारली. बाबांना मात्र मी बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणाऱ्या, ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून धावणाऱ्या बी ५०० या रस्त्यावर नेले. निघण्यापूर्वी त्यांना इंजिन पाहायचे होते. पुढचे झाकण उघडले, आत सुटकेस. मागचे उघडले, आत भाजीची पिशवी, आणि कडेला ऑइल व कूलंट घालण्याची दोन झाकणे. प्रत्येकी १३० लिटरच्या दोन डिक्या पाहून झाल्यावर ते जमिनीवर ओणवे होऊन खाली बघू लागले. इंजिन सीटच्या पाठीमागे, छताच्या घडीखाली बंदिस्त आहे आणि बरेच भाग सोडवल्याशिवाय ते मालकालाही दिसत नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. एसटीच्या माणसाला न दिसणाऱ्या इंजिनावर विश्वास ठेवणे जड जाते.

पण ते ऐकू येते. चार हजार फेऱ्यांपर्यंत ते नुसते गुरगुरते, जरा कोरडेच वाटते. तिथून पुढे आवाजाला एक धार येते आणि तो कानामागून, दोन्ही सीटच्या मधल्या पोकळीतून, थेट पाठीच्या कण्यात उतरतो. छत बंद असताना यातले निम्मेही कळत नाही. वजन साडेबाराशे किलोच्या आसपास आणि त्यातला जड भाग दोन्ही आसांच्या मधोमध असल्यामुळे वळणावर नाक ओढले जात नाही की शेपूट फेकली जात नाही. स्टिअरिंग फिरवले की आपण बसलो आहोत ती जागाच वळते, असे वाटते. २०४ पीएस आजच्या मानाने काही फार नाहीत. महामार्गावर साध्या इलेक्ट्रिक गाड्या मला सहज मागे टाकतात. मात्र दुसऱ्या गिअरमध्ये संपूर्ण ताकद वापरूनही परवाना शाबूत राहतो, हे सुख आजच्या चारशे-पाचशे पीएसच्या गाड्यांत नाही. परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, तिसऱ्या गिअरला दांडा किंचित घासतो आहे, लिंकेजला ग्रीस दे. तो खरोखरच घासत होता.

या गाडीला हिणवणारे दोन गट आहेत. पहिल्या गटाला पुढचे दिवे खुपतात. इंडिकेटरचा नारिंगी रंग दिव्याच्या काचेतच ओघळल्यासारखा दिसतो म्हणून जर्मन लोक त्यांना तळलेले अंडे म्हणतात, आपण हाफ फ्राय म्हणू. बोनेटपासून दारांपर्यंतचा पुढचा भाग पोर्शेच्याच त्या काळच्या ९११ या गाडीशी, म्हणजे तिच्या ९९६ या पिढीशी, सामाईक आहे. त्यामागे पैशाची चणचण होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी तोट्यात होती, तेव्हाचे कंपनीप्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाची पद्धत जाणणारे जपानी सल्लागार आणून कारखान्यात सुट्या भागांचे साठे करून ठेवण्याची सवय मोडून काढली, आणि एका खर्चात दोन गाड्या बसवल्या. जानेवारी १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ठेवलेली, ग्रँट लार्सन यांनी रेखाटलेली मूळ संकल्पना यापेक्षा छोटी आणि नाजूक होती, हे खरे आहे. पण एका साच्यात दोन भांडी ओतून घर सावरणाऱ्यांविषयी मला आदरच वाटतो. हाफ फ्रायही आता मला आवडू लागला आहे. दुसऱ्या गटाला चासी नंबर पाहायचा असतो. त्यातले अकरावे अक्षर एस असेल तर गाडी स्टुटगार्टची, यू असेल तर फिनलंडमधल्या उउसिकाउपुंकीची. माझी यू आहे. कारखान्यापासून अर्ध्या तासावर राहून फिनलंडची पोर्शे चालवते, म्हणून एका शेजाऱ्याने माझी कीव केली होती. दोन्ही ठिकाणच्या गाड्यांत कामाचा फरक मला तरी कुठे दिसलेला नाही.

पैशांविषयी थोडेसे. ११,००० किलोमीटरमध्ये १०० किलोमीटरला सरासरी ९.८ लिटर पेट्रोल लागले, तेही महागडे ९८ ऑक्टेनचे. ऑइल बदलायला आठ लिटरहून अधिक लागते, ते मी स्वतःच बदलते. या उन्हाळ्यात किल्ली फिरवण्याच्या जागेतला विजेचा स्विच गेला. पूर्ण कुलूप बदलण्याची गरज नसते. त्यामागचा छोटा विद्युत भागच सुटा मिळतो आणि तोच भाग त्या काळच्या ऑडीतही वापरलेला असल्याने २० युरोंच्या आत काम झाले. तो दिवस माझ्या वहीत लाल शाईने नोंदला आहे. दोन वर्षांतून एकदा होणारे सरकारी पासिंग यंदा एका बल्बवर निभावले.

राहता राहिला एच अक्षराच्या नंबरप्लेटचा विषय, कारण ही गाडी २०२८ मध्ये तीस वर्षांची होईल आणि ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवता येईल. लोक त्यासाठी दिवस मोजतात. मी हिशेब मांडला. युरो २ या प्रदूषण-वर्गातल्या पेट्रोल गाडीला दर १०० सीसीला ७.३६ युरो कर, म्हणजे माझ्या अडीच लिटरला वर्षाचे १८४ युरो. ऐतिहासिक वाहनाचा सरसकट कर १९१.७३ युरो. म्हणजे मानाच्या अक्षरासाठी वर्षाला ७ युरो ७३ सेंट वरचेच मोजायचे. मोठ्या इंजिनांना हा व्यवहार फायद्याचा आहे, मला नाही. विम्यात सूट किती मिळते ते पाहून ठरवीन. तूर्त एप्रिल ते ऑक्टोबरची हंगामी प्लेट आहे आणि सात महिन्यांचे सुमारे १०७ युरो भरून मी मोकळी होते.

आज ३१ ऑक्टोबर, म्हणजे प्लेटचा शेवटचा दिवस. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कोठारात महिना ३५ युरोंवर जागा घेतली आहे. वर पत्रा आहे, आसपास झाड नाही, ते मी आधी पाहून घेतले. गाडी आत लावण्यापूर्वी सीटखालचे कार्पेट दाबून पाहिले, कोरडे होते. मग अंगणात छत निम्म्यावर थांबवून दोन्ही छिद्रांत पेला पेला पाणी ओतले आणि घरी पोहोचल्यावर बाबांना फोन केला. त्यांनी नमस्काराच्याही आधी पन्हळी झाल्या का, ते विचारले. झाल्या म्हटले, डावी सहा सेकंद, उजवी चौदा.

"उजवीत अजून काहीतरी आहे," बाबा म्हणाले.